काय द्यायचं ते आधी ठरवा : बास्केटबॉल कोचने गेम प्लॅन कसा आखावा

जिल्हा स्पर्धेची सेमीफायनल चालू होती. बेंचवर माझ्या शेजारी बसलेला एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, तो सात नंबर डाव्या बाजूने एकदापण गेला नाय." दुसरा क्वार्टर संपत आला होता. त्या सात नंबरने तोवर आमच्यावर १४ पॉइंट चढवले होते, सगळे उजव्या हाताने, उजवीकडून आत घुसून. माझ्या वहीत त्या संघाबद्दल चार पानं भरलेली होती. त्यांची उंची, त्यांचा प्रेस (बॉल पुढे आणणाऱ्याच्या अंगावर जाऊन टाकलेला दबाव), सेंटरचा हुक शॉट, आमचे पाच सेट (आधी आखलेल्या चाली), सगळं होतं. ही एक ओळ नव्हती. टाइमआउट घेतला, आमच्या गार्डला त्याच्या उजव्या खांद्यासमोर उभं राहायला सांगितलं आणि म्हटलं, डावी बाजू त्याला मोकळी दे. उरलेल्या वेळात त्याचे चार पॉइंट झाले. आम्ही तीन पॉइंटने हरलो. ते वाक्य मला चार दिवस आधी हवं होतं.

तेव्हापासून माझा प्रत्येक गेम प्लॅन एकाच प्रश्नापासून सुरू होतो : समोरच्याला काय द्यायचं? २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद कोर्टवर पाच पोरं सगळं अडवू शकत नाहीत. एक वाट बंद केली की दुसरी उघडी पडतेच. "सगळं अडवा रे" असं ओरडणारा कोच कोणती वाट उघडी ठेवायची ते समोरच्या संघाला ठरवू देतो. उत्तम कोच ते स्वतः ठरवतो, त्या वाटेची किंमत मोजतो आणि ती किंमत द्यायला आपल्या पोरांच्या मनाची तयारी करून घेतो. खाली जे लिहितोय ते शाळा-कॉलेजच्या संघांना शिकवणाऱ्यांसाठी आहे, त्यातही आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्यांसाठी. इथे पावसाळाभर उघड्या कोर्टवर सराव बुडतो आणि संघातली निम्मी पोरं कबड्डीतून आलेली असतात.

पहिली पायरी : आधी आपलं घर बघा

समोरच्या संघाकडे बघण्याआधी आपल्या पोरांना दमल्यावर काय जमतं ते लिहून काढा. ताजंतवानं असताना सगळ्यांना सगळंच जमतं. मी सरावाच्या शेवटी लाइन स्प्रिंट काढून घेतो आणि धाप लागलेली असतानाच प्रत्येकाला दहा फ्री थ्रो, दहा डाव्या हाताचे लेअप मारायला लावतो. तोच आकडा खरा मानतो. प्रेस लागला की मान वर ठेवून बॉल पुढे आणणारे किती, स्क्रीन (समोरच्याने अंगाने आपल्या डिफेंडरची वाट अडवणं) लागल्यावर बोलणारे किती, हेही वहीत येतं. बोलणारा एकच असेल तर जागोजागी माणूस बदलण्यावर बेतलेला डिफेन्स विसरा.

कबड्डीतून आलेल्या पोरांबद्दल मुद्दाम सांगतो, कारण ती आपली खरी दौलत आहे. कोपऱ्यावर खेळलेला पोरगा गुडघे वाकवून खाली बसतो, बाजूला सरकतो आणि चढाई करणाऱ्याची हूल ओळखतो. बास्केटबॉलमधला डिफेन्सचा पाया हाच. अडचण हाताची असते. तिथे पकड करणं हे त्याचं काम आणि इथे हात लागला की शिट्टी. अशा पोराला मी सरावात दोन्ही मुठींत टेनिसचे बॉल धरून डिफेन्स करायला लावतो. मूठ बंद राहिली की धरायची सवय हळूहळू सुटते. प्लॅनमध्ये त्याच्यापुढे "फाउलचा धोका" असं लिहायचं आणि त्याची बदली कोण ते त्याच ओळीत ठरवून टाकायचं.

दुसरी पायरी : समोरच्याला बघताना क्रियापदं लिहा

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मायामी हीटचा कोच एरिक स्पोएलस्ट्रा १९९५ मध्ये त्या संघाच्या व्हिडिओ विभागात कामाला लागला. २००८ मध्ये तो मुख्य कोच झाला, २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदं त्याच्या हाताखाली आली. मॅच बघणं हे शिकून येणारं काम आहे, हे त्याच्या वाटचालीवरून पटतं.

आपल्याकडे व्हिडिओ विभाग नसतो. फोन असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खेळत नसलेली पोरं असतात. समोरच्या संघाची आधीची मॅच असेल तेव्हा तीन पोरांना घेऊन जा आणि प्रत्येकाला एकच काम द्या. पहिल्याने कागदावर कोर्ट काढून प्रत्येक शॉट कुठून मारला ते टिपायचं, गेला तर गोल, चुकला तर फुली. दुसऱ्याने फक्त बॉल आणणाऱ्या दोघांचे हात बघायचे : कोणत्या हाताने ड्रिबल, कोणत्या बाजूने आत जातो, अंगावर गेलं की काय करतो. तिसऱ्याने खेळ थांबून पुन्हा सुरू होताना काय होतं ते बघायचं. साइडलाइनवरून बॉल आत टाकताना तो कोणाकडे जातो, टाइमआउटनंतरचा पहिला शॉट कोण घेतो, कोच कोणाला कधी बाहेर काढतो.

शक्य असेल तर बास्केटच्या मागे बसा. बाजूने बघितलं की बॉल दिसतो. मागून बघितलं की पाच जणांमधली अंतरं दिसतात आणि पोकळी कुठे पडते ते कळतं.

वहीत विशेषणं नकोत. "चांगला शूटर आहे" या वाक्याने तुमच्या गार्डला काहीच कळत नाही. "उजव्या कोपऱ्यात उभा असतो, पास आल्याआल्या मारतो, एक ड्रिबल करायला लागला तर चुकतो" हे वाक्य वाचून त्याला लगेच कळतं की धावत जाऊन त्याला ड्रिबल करायला लावायचं आहे. "सेंटर ताकदवान" असं लिहू नका. "डावीकडे पाठ लावून बसतो, दोनदा धक्का देतो, मग उजव्या खांद्यावरून वळतो" असं लिहा.

तिसरी पायरी : हिशेब मांडा

हा भाग बरेच कोच टाळतात, पण खरं काम इथेच होतं. पाचवीतला भागाकार येत असला तरी पुरे. समजा, समोरच्या संघाच्या एका मॅचची तुमच्या पोरांनी केलेली नोंद अशी आहे : थ्री पॉइंटर २०, त्यातले गेले ४. मधल्या अंतरावरून २०, गेले ६. रिंगखालून २२, गेले १३. फ्री थ्रो १८, गेले ८. ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं) ८, टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) २०. एकूण पॉइंट ५८.

आता एकेका शॉटची किंमत काढा. थ्री पॉइंटरचे १२ पॉइंट भागिले २० शॉट, म्हणजे ०.६. मधल्या अंतराचे १२ भागिले २०, तेही ०.६. रिंगखालचे २६ भागिले २२, म्हणजे जवळजवळ १.२. त्यांनी रिंगखाली मारलेला एक शॉट बाहेरच्या दोन शॉटइतका महाग पडतो. दोन फ्री थ्रोची किंमत साधारण ०.९.

मग त्यांना बॉल किती वेळा मिळाला, म्हणजे पझेशन किती, ते काढा. मारलेले शॉट ६२, त्यातून ऑफेन्सिव्ह रिबाउंड ८ वजा, टर्नओव्हर २० मिळवा आणि फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणून तेही मिळवा. ०.५ न घेता ०.४४ घेतात, कारण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो नवीन पझेशन मोजत नाही. उत्तर येतं साधारण ८२. म्हणजे दर पझेशनला त्यांनी ०.७ पॉइंट केले आणि दर चारपैकी जवळपास एक पझेशन शॉट न मारताच घालवलं. बॉल सांभाळणं हे त्यांचं दुखणं आहे, हे तुम्हाला मॅच बघताना जाणवलं असेलच, आता त्याला आकड्याचा आधार मिळाला.

अमेरिकेतले आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी मॅच ठरवणाऱ्या चार गोष्टी मांडल्या : शूटिंग, टर्नओव्हर, रिबाउंड, फ्री थ्रो. वजनही याच क्रमाने. प्लॅनमधली कोणतीही ओळ या चारपैकी एकाला हात लावत नसेल तर ती खोडून टाका.

एका मॅचच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. वीसपैकी चार हा एखाद्याचा वाईट दिवसही असू शकतो. दोन मॅच बघा आणि शॉट कोणी मारले ते बघा. एकाच पोराने आठपैकी चार टाकले असतील आणि बाकीच्यांनी बारापैकी शून्य, तर त्या एकाला देणं वेगळं आणि बाकीच्यांना देणं वेगळं.

चौथी पायरी : द्यायचं काय ते ठरवा

वरच्या संघाला मी बाहेरचा शॉट देईन. मोकळा दिला की त्यांची टक्केवारी वाढणार हे गृहीत धरायचं. २० टक्क्यांची ३० झाली तरी किंमत ०.९ च, रिंगखालच्या १.२ पेक्षा स्वस्तच. म्हणून तीन जण रिंगजवळ गोळा, सात नंबरला डावीकडे ढकलायचं, सेंटरकडे पास गेला की दुसरा माणूस मदतीला आणि लांबच्या कोपऱ्यातला शूटर मोकळा. लांबच्या शॉटचा रिबाउंडही लांब उडतो, तो सेंटरच्या हाती येत नाही. त्यामुळे या प्लॅनमध्ये गार्डनी आपापला माणूस पाठीवर घेऊन बॉक्स आउट करायलाच हवं. हा जोड दिला नाही तर स्वस्तात दिलेल्या शॉटनंतर त्याच पझेशनला दुसरा शॉट मिळतो आणि सगळा हिशेब कोसळतो.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दोन्ही दोरांवरची माणसं एका लयीत ओढतात. एक बाजू ढिली पडली की मासळी तिकडूनच निघून जाते. डिफेन्सचं तसंच आहे. सेंटरच्या अंगावर दोघं जायचं ठरलं आणि तिसरा आपल्या माणसाला चिकटून राहिला, तर प्लॅन कागदावर कितीही बरोबर असो, रिंगखाली भोक पडणारच.

डिफेन्स साधा असला म्हणून कमी दर्जाचा होत नाही. २०१९ च्या एनबीए फायनलमध्ये टोरांटोचा कोच निक नर्स याने गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीविरुद्ध बॉक्स अँड वन लावला. चौघं चौकोनात, पाचवा सतत करीच्या मागे. हा डिफेन्स एरवी शाळांच्या मॅचमध्ये दिसतो. केविन ड्युरांट बाहेर होता, क्ले थॉम्पसन त्या दुसऱ्या मॅचमध्ये जखमी झाला, म्हणजे करीशिवाय धोकादायक शूटर उरला नव्हता. नर्सने बाकीच्या चौघांना मोकळे शॉट देऊन टाकले. ती मॅच टोरांटो हरला, मालिका मात्र ४-२ ने जिंकला. एकाच शूटरवर चालणारा संघ आपल्या तालुक्यातही सापडेल. तिथे हाच विचार जसाच्या तसा लागू होतो.

ऑफेन्सबद्दल थोडक्यात. तीन सेट, साइडलाइनवरून बॉल टाकायचा एक आणि बेसलाइनवरून टाकायचा एक. बस्स. त्यांच्या सर्वांत कच्च्या डिफेंडरला प्रत्येक सेटमध्ये हलायला लावा. त्यांच्या सेंटरचे तीन फाउल झाले की पुढचे पाच पझेशन त्याच्याच अंगावर जा. पाचव्या फाउलला तो बाहेर जातो आणि चौथ्यापासूनच तो हात आखडून खेळायला लागतो.

पाचवी पायरी : रिंग, वारा आणि घाट

किनाऱ्यालगतच्या उघड्या कोर्टवर दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. शाळेतलं पोरगं ६.७५ मीटरवरच्या थ्री पॉइंट रेषेवरून उंच कमान करून मारतं तेव्हा बॉल डोळ्यांदेखत सरकतो. हाफनंतर बास्केट बदलतात, त्यामुळे कोणत्या हाफला वारा कुठून येणार ते आधी कळतं. वाऱ्याच्या बाजूला लांबचे शॉट कमी, आत घुसणं जास्त. समोरच्यांना बाहेरचा शॉट द्यायचा असेल तर ते ज्या हाफमध्ये त्या बाजूच्या बास्केटवर मारतात, त्या हाफमध्ये तो जास्त मोकळेपणाने द्यावा.

मॅचआधी रिंग हाताने हलवून बघा. खाऱ्या हवेत गंजून घट्ट झालेल्या रिंगवरून बॉल जोरात आणि लांब उडतो. ढिली रिंग बॉल झेलते. बोर्ड लाकडाचा असेल तर बोर्डवर मारलेला शॉट कसा उतरतो ते वॉर्मअपमध्ये दहा वेळा बघा. कोर्टच्या कडेला शेवाळाचे निसरडे पट्टे असतील तर पोरांना बोटाने दाखवून ठेवा आणि प्रेसमध्ये समोरच्याला त्या बाजूला कधीही ढकलू नका. कोणी पडलं तर मॅचपेक्षा मोठं नुकसान होतं.

विभागीय स्पर्धेला घाट चढून जावं लागतं. रत्नागिरी ते कोल्हापूर जवळजवळ १३० किलोमीटर, आंबा घाटातल्या वळणांनी पोरांची पोटं ढवळतात, पाय आखडतात. जमेल तर आदल्या दिवशी जा. बंदिस्त हॉलमध्ये पहिल्यांदा खेळणाऱ्या पोराला रिंगमागची भिंत वेगळी दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून मॅचआधी अर्धा तास नुसतं शूटिंग मिळेल अशी व्यवस्था बघा.

सहावी पायरी : प्लॅन पायात उतरवा

तीन दिवस मिळतात असं धरू. पहिल्या दिवशी दुसऱ्या फळीतल्या पाच जणांना समोरच्या संघाची नक्कल करायला लावा. एकाला सात नंबर करा आणि सांगा, उजवीकडेच जायचं. पोरं यात जीव ओततात, आणि नक्कल करणाऱ्याच्याच तोंडून प्लॅनमधली भोकं कळतात. चालत चालत करा, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. दुसऱ्या दिवशी धाप लागलेली असताना तेच. तिसऱ्या दिवशी फक्त बॉल आत टाकायचे प्रकार, फ्री थ्रो आणि शेवटची दोन मिनिटं.

पाऊस असेल तर व्हरांड्यात खडूने कोर्ट काढा आणि पोरांना चालवा. नाहीतर बाटलीची झाकणं घेऊन वर्गातल्या बाकावर. मी असे दोन पूर्ण प्लॅन झाकणांवर शिकवले आहेत.

शेवटी पोरांना द्यायचा कागद अर्ध्या पानाचा. डिफेन्सच्या तीन ओळी, ऑफेन्सच्या दोन आणि प्रत्येकाच्या माणसाबद्दल एकेक वाक्य. तुमच्या वहीत वीस पानं असू देत, पोराच्या डोक्यात धावताना पाचच ओळी राहतात. कोणत्याही पोराला अचानक विचारा, "तुझा माणूस कोण आणि त्याला काय द्यायचं?" तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर प्लॅन अजून मोठा आहे.

सातवी पायरी : मॅच चालू असताना

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आपण दिलेला शॉट दोनदा आत गेल्यावर शांत राहणं. बॉल आत गेला का हे नंतर बघा. आधी बघा, शॉट आपण द्यायचा ठरवलेलाच होता का? असेल तर थांबा. किती वेळा थांबायचं तेही घरूनच ठरवून या. माझा नियम असा : त्याच पोराने त्याच जागेवरून पाचपैकी तीन टाकले तर बदल, तोवर नाही. उलट, आपण न दिलेल्या वाटेने ते दोनदा आत आले तर बॉल रिंगमध्ये गेलेला नसला तरी लगेच टाइमआउट.

टाइमआउट एक मिनिटाचा. चालत येणं, पाणी, खाली बसणं यात वीस सेकंद जातात. उरलेल्या वेळात डिफेन्सचं एक वाक्य, ऑफेन्सचं एक वाक्य, आणि मग एका पोराला ते परत म्हणायला लावा. पहिल्या हाफमध्ये दोन टाइमआउट मिळतात, दुसऱ्यात तीन, आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच वापरता येतात. तेव्हा एक आधी वापरायचाच आहे, तो राखून ठेवून वाया घालवू नका. क्वार्टरमधले संघाचे चार फाउल झाले की डिफेन्समधल्या पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो, म्हणून एखाद्या पोराला मोठ्याने फाउल मोजायचं काम द्या.

बेंचवरच्या पोरांनाही कामं वाटा. २०१५ च्या एनबीए फायनलमध्ये गोल्डन स्टेट क्लीव्हलँडविरुद्ध १-२ ने मागे होतं. निक युरेन हा त्यांच्या कोचिंग स्टाफमधला तरुण मदतनीस. आदल्या वर्षी सॅन अँटोनियोने बोरिस डियॉला पहिल्या पाचात आणून काय केलं होतं, ते त्याने व्हिडिओत बघितलं आणि सुचवलं की उंच सेंटर अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला खेळवा. संघाचा कोच स्टीव्ह कर याने ते ऐकलं. चौथ्या मॅचला सुरुवातीलाच संघ ०-७ ने मागे पडला, तरी करने बदल मागे घेतला नाही. मॅच १०३-८२ ने जिंकली, मालिका ४-२ ने, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला. मला यातलं सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? मदतनिसाला बोलायची मुभा होती, आणि ०-७ झाल्यावरही कोच आपल्या विचारावर उभा राहिला.

शेवटच्या दोन मिनिटांसाठी वहीचं वेगळं पान ठेवा. या वेळात बास्केट झाल्यावर घड्याळ थांबतं, टाइमआउट घेतला तर स्वतःच्या अर्ध्या कोर्टवरचा बॉल पुढे नेऊन टाकता येतो. बॉल कोण टाकणार, कोणाकडे जाणार, मागे असू तर कोणाला फाउल करायचा (त्यांचा सगळ्यात कच्चा फ्री थ्रो मारणारा, हे नाव चार दिवस आधी माहीत हवं), तीनने पुढे असू तर काय करायचं, या चार प्रश्नांची उत्तरं तिथे लिहिलेली असली की कोचचा आवाज चढत नाही. कोचचा आवाज चढला नाही की पोरांचे हातही थरथरत नाहीत.

मॅच संपल्यावर

त्याच दिवशी तीन गोष्टी लिहा : जे दिलं त्याची खरी किंमत किती पडली, प्लॅनमधली कोणती ओळ पोरांना आठवलीच नाही, आणि समोरच्या कोचने आपल्याविरुद्ध काय बदललं. कोल्हापूरहून परतताना आमची गाडी घाट उतरून साखरप्याला चहाला थांबते. तिथे मी प्रत्येक पोराला एकच विचारतो, "तुझ्या माणसाबद्दल मला माहीत नसलेलं काय सांगशील?" पहिला बोलतो तो बहुतेक वेळा बेंचवर बसलेलाच असतो. वही माझ्या गुडघ्यावर उघडी असते, आणि पुढच्या वर्षीच्या त्या संघाच्या पानावरची पहिली ओळ तिथेच लिहिली जाते.